दोनशे एकतीस बाय सत्त्याऐंशी

चार वर्षांचा गेम,
आणि दुकानाच्या खिडकीत त्याला जागा
दोनशे एकतीस बाय सत्त्याऐंशी ठिपक्यांची.
अंगठ्याच्या नखाएवढी म्हणा.

मी त्यात सगळं कोंबलं :
द्राक्षांचं शीतगृह, धुकं, सात राखणदार,
चंद्र, कुत्रा,
आणि वेलबुट्टीच्या अक्षरांत नाव.

खाली मेनरोडला विसपुते पेंटर.
धंदा फ्लेक्सवाल्यांनी खाल्ला,
ब्रश अजून रॉकेलच्या डब्यात भिजत असतात.
मोबाइल हातभर लांब धरून म्हणाले,
"पाटी रिक्षातून वाचायची असते, केतकी.
रविवार कारंज्यावर सिग्नल सुटला की
किती वेळ मिळतो माणसाला?"

चंद्र गेला. सहा राखणदार गेले.
कुत्र्यासाठी मी भांडले.
"तो राहू दे, कुणाकडे तरी बघतोय.
वेलबुट्टी काढ. ती तुझी हौस."

मग वर्णन. मी लिहिलेलं :
'एकाकीपणाचा हळवा, अविस्मरणीय प्रवास.'
"कुठून कुठे?"
मी गप्प.
"बरं, खेळणाऱ्याने करायचं काय?"

पप्पा पिंपळगावच्या कोल्ड स्टोअरेजात
रात्रपाळीला असायचे,
तासातासाला उठून काटा बघायचे.
हे कुठेही न सांगता
रात्री दोनला मी लिहिलं :

'बाहेर बेचाळीस. आत शून्य.
काटा हलू देऊ नका, उजाडेपर्यंत.
कुत्रा सोबत आहे.'

सकाळी विसपुत्यांनी दोनदा वाचलं, ओठ हलवत.
काचेवर चुन्याचं बोट उमटलं,
नेमकं 'सोबत' वर.
"इथे," म्हणाले,
"रंग जरा जाड लाव."