अजून दोन आठवडे

फ्रीजरच्या तळाशी तुझ्या अक्षरातल्या अकरा पिशव्या निघाल्या, लोविना.
‘१२ ऑक्टोबर. टॅन्सी. दीड कप. लाथ मारली.’
‘१५ ऑक्टोबर. टॅन्सी. कपभरच. माझंच लक्ष नव्हतं.’
शेवटच्या पिशवीवर तारीख नाही,
नुसतं ‘दूध’,
तेवढं तरी विसरायला नको म्हणून लिहिल्यासारखं.

टॅन्सी मार्चमध्ये गेली.
तुला कळवलं नाही. कळवून
तुला आधी शेळी आठवून द्यावी लागली असती
आणि मग लगेच काढून घ्यावी लागली असती.

मे महिन्यात एक दिवस ओढ्याकडून वारा सुटला,
तेव्हा पोर्चवर मांडामांड केली.
स्टीलचं पातेलं. ॲल्युमिनियमचं नाही.
ते तू एकदा घेतलंस, नऊ वर्षांची होतीस,
पातेलं फसफसून काळं पडलं
आणि मार मला बसला, मोठी म्हणून.
व्हिनेगरची बाटली हाताशी. वर्लिनचा जुना वेल्डिंगचा गॉगल.
डुकराची चरबी चुलीवर वितळत ठेवली.

दुधानं तोंड पोळतं ते वेगळं.
इथं दूधच पोळतं.
म्हणून ते दगडासारखं गोठलेलं हवं,
आणि सोडा चिमटीचिमटीनं, वरून,
रागावलेल्या माणसाशी बोलावं तसा.
सोड्यावर दूध कधी ओतायचं नाही.
हे तू मला शिकवलंस, की मी तुला?
आता विचारायला मीच उरले.

तुझी पिशवी फाडताना ‘लाथ मारली’ मधोमध फाटलं.
बर्फ सुटला, पिवळसर झाला,
नाकात झोंबणारा तो वास आला, अमोनियाचा,
गोठ्यातल्या पहाटेचा,
आणि मी तोंड फिरवलं. वासानंच फिरवलं.

मग चरबीत ओतून ढवळत बसले.
हात भरून आला तरी पातळच.
आपली आई म्हणायची, साबण बघत बसलं की जमत नाही,
म्हणून मी रस्त्याकडे बघितलं.
कोंब्स्यांचा पोरगा ट्रॅक्टर घेऊन गेला, त्यानं हात केला.
वळून पाहते तर चमच्याची रेघ
वरच राहिलेली, बुडत नव्हती.

सुवास काही घातला नाही.
लव्हेंडर घातलं की साबण खोटं बोलायला लागतो, असं तुझं मत.

चार आठवड्यांनी एक वडी टॉवेलात गुंडाळून
मी डेटनला आले, साडेचार तास, दोनदा रस्ता चुकून.
तू खिडकीशी होतीस. केस कुणीतरी वेगळेच विंचरले होते.
‘बसा ना बाई,’ म्हणालीस.
मी बसले. वडी तुझ्या हातात दिली.
तू ती उलटीसुलटी केलीस, कडेवर अंगठा फिरवलास,
आणि सरळ
जिभेला लावलीस.

ती नर्स, मॅरिबेथ, हातातला ट्रे टाकून धावली:
‘नको नको, खायचं नाही ते, मिस लोविना!’
तू तिच्याकडे अशी पाहिलंस
जशी आई बाजारातल्या गिऱ्हाइकाकडे पाहायची.

‘झटका देतोय अजून,’ म्हणालीस.
वडी टॉवेलात गुंडाळलीस, चारी टोकं नीट दुमडून,
आणि माझ्या मांडीवर ठेवलीस.
‘दोन आठवडे ठेवा. रोज कूस बदला.
तुमची घाई दिसते, बाई. माझी एक बहीण आहे,
ती पण अशीच.’

बहीण कुठे असते, विचारायचं होतं.
विचारलं नाही. चुकीचं गाव सांगितलं असतंस तर?

आता माळ्यावर फळीवर अकरा पिशव्यांच्या सव्वीस वड्या आहेत,
एक टॉवेलातली वेगळी.
रोज सकाळी त्यांची कूस बदलते.
हात धुवायला दुकानातला हिरवा साबण वापरते,
त्याला कशाचाच वास नाही, नुसता हिरवा.

आज तेरा दिवस झाले.
अजून जीभ लावलेली नाही.