पाच मिली तेल

कोपरापर्यंत धुवा, सिस्टर वायदंडे म्हणाल्या.
धुतले.
अंगठी, घड्याळ, मनगटाचा लाल दोरा
पाकिटात घालून बाहेर ठेवला.
पुन्हा धुवा.
तिसऱ्यांदा त्यांनी माझा अंगठा उजेडात धरला:
रेषांत काळं बसलेलं,
भोसरीतल्या लेथचं, नऊ वर्षांचं.
हे निघत नाही, मी म्हणालो.
हे आतलं आहे, चालेल, त्या म्हणाल्या,
नखं तेवढी अजून कापा.

पल्लवी वरच्या मजल्यावर,
बीपी उतरेना म्हणून पडद्याआड.
म्हणून मी.
आईनं गावाहून फोन केलेला:
चिंधाबाई ठरवून ठेवली आहे,
टाळू भरते, नाक ओढून सरळ करते,
पायांवर पालथं घेऊन असं रगडते
की पोर रडून रडून तीन तास झोपतं.
घरी आल्यावर, आई.
घरी आल्यावर.

पेटीत ती.
अकराशे चाळीस ग्रॅम.
आमच्याकडे एक फ्लँज बनतो, एका हातात मावतो,
तो तेराशेचा.
नाव नाही अजून. पायाच्या पट्टीवर
'बेबी ऑफ पल्लवी गव्हाणे'.

तेल खोबऱ्याचं, कोमट,
सिरिंजमध्ये पाच मिली मोजून.
मोजून देतात याचं बरं वाटलं.
दोन शतांश मिलिमीटरचा फरक
मी नुसत्या बोटानं सांगतो,
सुपरवायझर तरी मायक्रोमीटर लावून बघतोच.
पण दाब? दाब किती द्यायचा?
डोळा मिटा, सिस्टर म्हणाल्या, पापणीवर बोट ठेवा.
दुखणार नाही, गुदगुल्याही होणार नाहीत,
तेवढा.
आठ पेट्यांच्या मधोमध
टोपी-मास्क घालून मी उभा,
स्वतःच्या पापणीवर बोट ठेवून.

आधी पाय. मांडीकडून टाचेकडे.
माझी करंगळी तिच्या पोटरीहून जाड.
कातडीखाली सगळी निळी वायरिंग दिसते.
तीन बोटं टेकवली.
मॉनिटरवर चौऱ्याण्णव,
ब्याण्णव,
अठ्ठ्याऐंशी
आणि ते बोंबलायला लागलं.

मशीन बोंबललं की काय करायचं
ते माझ्या अंगात मुरलंय: लाल बटण, हात मागे.
हात मागे आला.
काढू नका, सिस्टर म्हणाल्या.
चोळू नका आणि काढूही नका.
नुसता ठेवा.

नुसता ठेवा.
कसणं, सैल करणं, घासणं, पुसणं,
शिफ्ट संपल्यावर बसच्या दांड्याला लोंबकळणं,
एवढंच या हातांना ठाऊक.
तळवा तिच्या पाठीवर ठेवला.
झाकण बसावं तशी अख्खी पाठ झाकली गेली.
बाहेर कुठेतरी टेम्पो रिव्हर्स घेत होता.
हाताखाली काहीतरी चाललेलं,
नवी मोटर पहिल्यांदा फिरते तसं,
आता थांबेल, आता थांबेल असं वाटत,
आणि थांबत नव्हतं.
नव्वद.
एक्याण्णव.
शेजारच्या पेटीतलं बाळ शिंकलं.
पंच्याण्णव.
आता, त्या म्हणाल्या.

दुसरा पाय, मग दंड, मग छातीची कड.
पंजा फाकला की थांबायचं.
उचकी लागली की थांबायचं.
कपाळ आक्रसलं की थांबायचं.
इतक्यातच तिला 'नको' म्हणता येतं,
मला तिसाव्या वर्षीही नीट जमत नाही.
दहाव्या मिनिटाला तिनं उजवा पंजा फाकवला.
मी थांबलो.

सिरिंजमध्ये दीडेक मिली उरलं.
सिस्टरांनी दुसरीकडे बघितलं.
वर गेलो. पल्लवीनं माझा हात ओढून
नाकाशी धरला, बराच वेळ.
मशीनचा वास नाही येत आज, म्हणाली.
मग काही बोलली नाही.
पायांवरून चादर सरकलेली,
घोटे सुजून गुळगुळीत झालेले.
उरलेलं तिथं लावलं.
दाब किती, ते या वेळी
विचारायला कुणी नव्हतं.