आटे

तुमसरच्या बाजारात शब्बीर घड्याळवाल्यानं
चिंधीतून काढून दिली ही लेन्स.
काचेत बुरशीचं बारीक झाड.
म्हणाला, आधी उलटी फिरव,
टक् झालं की मग सुलट.
जोर नको. आटे मरतात.

बोडीच्या पाळीवर देवकाबाई वलथरे
शिंगाडे सोलत बसलेली.
कॅमेऱ्याच्या खिडकीत तिच्या दोन :
एक खरी, एक पिवळट.
सरकवत आणल्या एकीवर एक.
"झाला का जी फोटू?"
काळा अंगठा पुढे आला, शिंगाड्यासकट.

साडेतीन फुटांच्या आतलं हिला दिसत नाही.

गोंदियाहून रीळ धुऊन आलं दिवाळीनंतर.
देवकाबाई धुकट.
मागे पाण्यात रोवलेली काठी,
काठीवर चतुर,
पंखांच्या शिरा मोजून घ्याव्यात इतका.

शिंगाडा कुठंच नाही.
तो मी खाल्ला होता.