दोन पायांमधून

मला तो नेहमी उलटाच दिसतो.
वाकून, बोटं बॉलच्या शिवणीवर रोवून
मी माझ्याच दोन पायांमधून मागे बघतो तेव्हा
आकाश खाली, गवत वर,
आणि गवताला वटवाघळासारखा लोंबकळणारा
केल्डन प्रूइट, वय बावीस,
यंदाच्या निवडीत सगळ्यात आधी उचललेला पोरगा.

टेक्सासात, त्याच्या गावी,
धान्याच्या सायलोवर त्याचा चेहरा रंगवलाय म्हणे.
तीन मजली. नाकपुडीत कबुतरं राहतात.
इथे एरी सरोवराकाठी तो यायच्या आधीच
त्याच्या नंबराचे शर्ट संपले होते,
आणि बेकरीवाली व्होयचिकबाई
केकवर साखरेने अकरा काढायला लागली होती.

दहा वर्षं मी सेंटर आहे.
माझ्या पाठीमागे सात क्वार्टरबॅक उभे राहून गेले.
सातही जण 'हाच तो' होते.
एक आता विमा विकतो, मलाही विकलाय.
ओरिन टॅलमॅजचा तर पुतळा ठरला होता,
चौथरा झाला,
पुढच्या मोसमात त्यावर कचऱ्याचा डबा ठेवला.

'टिकेल का हो हा?' डेंटिस्ट विचारतो.
माझ्या तोंडात त्याची दोन बोटं.
मी काय सांगणार?

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं म्हणणारे
सगळे हाताकडेच बघत असतात.
हात आहेच तसा. साठ यार्डांवरून
एखाद्याच्या ओंजळीत अंडं ठेवावं तसा बॉल ठेवतो.
पाय मात्र मला दिसतात,
दर रविवारी, साठेक वेळा, उलटे.

डावी टाच.
सप्टेंबरात ती थरथरायची,
दूध उतू जायच्या आधी झाकण थरथरतं तशी.
मी कुणाला बोललो नाही.
ऑक्टोबरात एका दुपारी चार बॉल समोरच्यांच्या हातात गेले,
रेडिओवाले त्याच्या आईच्या संस्कारांपर्यंत पोचले.

त्या रात्री बर्फाच्या टबात तो माझ्या शेजारी बसला.
ओठ निळे.
'डॉबी, मी घाबरलो की तुला कळतं ना?'
'कळतं.'
'कशावरून?'
'बुटावरून.'

मग रोज सराव संपल्यावर
पार्किंगच्या एकुलत्या एका दिव्याखाली
मी वाकायचो, तो उभा राहायचा.
दोनशे वेळा.
माझ्या गुडघ्यात आता वाटी नाही, खडी आहे.
मी त्याला पोलिश शिव्या दिल्या,
आजोबांकडून आलेल्या,
अर्थ मलाही ठाऊक नसलेल्या.

डिसेंबर. सरोवरावरून आडवा येणारा बर्फ.
सहा गुणांनी मागे, शेवटची संधी, चाळीस सेकंद.
मी वाकलो.
आकाश खाली. गवत नव्हतंच, पांढरं छत होतं,
आणि त्या छताला
टाच अशी टेकलेली, की खिळ्याने ठोकलीय.

मी बॉल दिला.
यापुढचं मी पाहिलेलं नाही.
मला दिसली फक्त सत्त्याण्णव नंबरची छाती
आणि आला त्याच्या श्वासातला कांद्याचा वास.
बाकी कानांनी कळलं:
सत्तर हजार गळे वर चढत गेले
आणि जिन्याची पायरी नसावी तिथे थांबले.

बॉल अचूक होता. टेरेल मॅकग्रूच्या छातीवर आदळून
खाली पडला.

सोमवारी पेपरात: दाम भारी, माल हलका.
सायलोवर कुणीतरी रात्री मिशा काढल्या.
अंधाऱ्या खोलीत कोच तेच दृश्य मागेपुढे फिरवत होता,
हात, बॉल, छाती, बर्फ. हात, बॉल, छाती, बर्फ.
मी पडद्याचा खालचा कोपरा बघत होतो.
प्रूइटकडे वळलो तर
तोही तिथेच बघत होता.

गुरुवारी पुन्हा डेंटिस्ट.
अर्धा जबडा बधिर.
'मग? संपला ना तुमचा पोरगा?'
मी म्हणालो, टाच.
त्याला वाटलं, दुखतंय.
त्याने अजून एक इंजेक्शन दिलं.