आठ मिलिमीटर

जिप्सीचं बोनेट उघडून मकबूल म्हणाला,
"बसेल का विचारू नका. बसतं सगळंच.
बसल्यावर फिरतं का, ते बोला."

पिसोळीच्या उतारावर त्याचं पत्र्याचं शेड,
चेनपुलीला लटकलेलं माझं तेराशेचं इंजिन,
तेल ठिबकतंय काकवीसारखं.
बावीस वर्षं ह्याच्यामागे बसून मी
वेल्हे, मुळशी, पानशेत मोजत हिंडलो,
आधी खात्याची गाडी म्हणून,
मग लिलावात एकट्यानंच बोली लावली म्हणून.
मागच्या बाकावर साखळी, खुंट्या, तिपाई आणि शिपाई.
वीतभर बांधासाठी भाऊ भावाच्या अंगावर जाताना
मी नकाशा बोनेटवर पसरायचो.
कागद खालून गरम व्हायचा.

आता बलेनोचं सोळाशे आलंय
नाना पेठेतून, गोणपाटात गुंडाळून.
तिकडे ते आडवं बसायचं, पुढची दोन चाकं ओढायचं.
इथे उभं बसून चौघांना पुरायचंय.
त्याचा ऑइल चेंबर पुढच्या ॲक्सलवर टेकतो,
म्हणून चेंबर जुन्याचा,
सक्शन पाइप जुन्याचा, माउंटिंगचे पाय जुन्याचे.
"मग नवं काय?"
"आवाज," मकबूल म्हणाला आणि पाना शोधायला गेला.

गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक
क्रँकच्या भोकात पोचेना. आठ मिलिमीटर.
मला हसू आलं. एवढ्याशा अंतरासाठी
माझ्या हद्दीत कुणी कोर्टात गेलं नव्हतं.
भोसरीत लेथवर वाल्मीक गोर्डे हसला नाही.
गनमेटलचा बुश काढला, कॅलिपर लावला,
पुसला, परत लावला,
अर्धा केस घासला, मग माझ्या तळहातावर ठेवला. गरम.
आमच्या भाषेत ह्याला म्हणतात हद्द कायम.

वायरिंगला दीपा कुसाळकर, औंध आयटीआयची.
दोन हार्नेस जमिनीवर पसरून मधोमध बसली,
मांडीवर मीटर, कानामागे टेस्टर.
रंग जुळतात, काम जुळत नाही.
इथली पिवळी-काळी इंजेक्टरला जाते,
तिथली पंख्याला.
दोन दिवसांनी तीन वायरी उरल्या.
कशाच्या, ते कुणालाच सांगता येईना.
तिनं टेप लावून त्या दुमडून ठेवल्या,
मोजणीत न बसणारा गुंठा
आम्ही पोटखराब लिहून मोकळे व्हायचो, तशा.

पहिल्याच किल्लीला चालू झालं. दोन सेकंदांत बंद.
परत चालू. परत बंद.
पंप वाजतोय, पेट्रोल चढतंय,
मकबूल टाकीला कान लावून आडवा.
दीपा म्हणाली, "काका, ह्याला अर्थच नाही."
मला वाटलं, खर्चाबद्दल बोलतेय.
तिनं कानशीनं चॅसीचा रंग खरवडला,
माझा हिरवा, त्याखाली खात्याचा पांढरा,
त्याखाली प्रायमर, त्याखाली लोखंड,
आणि त्या उघड्या रुपयाएवढ्या जागेवर
एक काळी वायर बोल्टनं आवळली.

संगम पुलाजवळ, आरटीओत,
पेन्सिल घासून इंजिनाचा नंबर कागदावर उमटवला.
साहेबांनी विचारलं, "जुनं कुठंय?"
"औंधच्या आयटीआयला दिलं. बलेनोचा चेंबर लावून.
पोरं उघडतात, परत जोडतात."
"चालतं?"
"कधीकधी."
त्यांनी एक रकाना रिकामा सोडला
आणि पुढच्या मंगळवारी या म्हणाले.

काल बोपदेव घाटात, तिसऱ्या वळणावर,
माझा हात आपोआप दुसऱ्या गिअरकडे गेला.
गरज नव्हती. ती तिसऱ्यातच चढत होती,
खाली कोंढवा लहान होत चाललेला.
हात तसाच दांड्यावर राहिला.
त्याला अजून कुणी कळवलं नव्हतं.