शेरा : प्रलंबित

उदगीरची गाडी साडेपाचची.
मैत्री पार्कला टेबल टाकून बसलेला पोऱ्या म्हणाला,
काका, गाडी पनवेलला बसलीय.
बसलीय म्हणजे?
पाटा तुटलाय. दहाच्या आत नाही येत. चहा घ्या तोवर.

चहा घेतला. मग आणखी एक,
कारण पहिल्याने सात मिनिटंच संपली.
मंत्रालयात सकाळीच संपलो होतो :
फरकाची फाईल वर आहे, साहेब दौऱ्यावर आहेत.
पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली
आणि चेंबूरच्या आत आत चालत गेलो.

दोन वळणांवर मैदान निघालं.
जुनी सवय, आधी चतुःसीमा पाहिली :
पूर्वेस पाण्याची टाकी.
दक्षिणेस उसाचा चरक, बंद.
पश्चिमेस पाच-सहा क्रिकेटं एकमेकांत गुंतलेली,
अतिक्रमण चालू.
उत्तरेस चार मजली इमारत, तिसऱ्यावर एक बाई
लसूण सोलत, ठोक्याचा आवाज झाला की मान वर करणारी.
आणि मधे तिरपा चौकोन फक्कीने आखलेला,
कोपऱ्यांवर वाळू भरलेली सिमेंटची पोती,
आणि मुली. हातात मुसळासारखं गोल दांडकं.

बेसबॉल, असं एकीने सांगितलं,
आणि लगेच विचारलं,
काका, अक्षर बरं आहे का?
लिहिणारा आला नाही आज.

एकतीस वर्षं सातबारे लिहिले.
अक्षराचं कुणी कधी विचारलं नव्हतं.

डोंगरदिवे सरांनी वही दिली, वहीत रेघा तिरक्या.
नियम सांगितले ते मुलींनीच, एकदम चौघींनी.
चार वाईट चेंडू आले तर फुकट पहिलीवर.
डावीकडे वळायचं, डावीकडेच वळत राहायचं,
आणि निघालो तिथेच येऊन पोचलं की एक रन.
म्हणजे, मी म्हणालो, तहसिलीत जाऊन
काम न होता परत यायचं,
आणि त्याचाच मार्क?
हो, म्हणाल्या. पण धावत.

दिवे लागले तेव्हा पिवळ्यांचे सात होते, निळ्यांचे सहा.
माझी पिशवी दुसऱ्या बाकावर गेली होती,
कुणी नेली ठाऊक नाही, तिच्यावर हेल्मेट ठेवलेलं.
मी उभा राहून लिहीत होतो.
दोघी बाद. तिसरीवर तरन्नुम,
एक पाय पोत्यावर, दुसरा आधीच घराकडे.
सेल्वीने ठोका घातला.
चेंडू वर गेला, दिव्याच्याही वर,
दिसेनासा झाला,
लसूण थांबला,
आणि तरन्नुम सुटली ती अशी, की
फक्की तिच्यामागे उशिरा उडाली.
पोचली. दोन्ही पायांनी पोचली.
मी पेन टेकवलं.

आणि लांब कुठेतरी, अंधारातल्या पिवळ्या पोरीच्या हातमोज्यात
चेंडू अलगद येऊन बसला.

मोजायचं नाही, सर म्हणाले. तिसरी बाद झाली.
पण ती तर आली ना?
आली. मोजायचं नाही. रकाना रिकामा सोडा.

एकही रकाना मी कधी रिकामा सोडला नाही,
वारस नव्हते तिथेसुद्धा नाही.
बारीक अक्षरात लिहिलं : प्रलंबित.

तरन्नुम घाम पुसत वहीत डोकावली.
म्हणजे काय?
म्हणजे नाही असं कुणी म्हटलेलं नाही अजून.
तिने थोडा वेळ त्या शब्दाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
जणू मीच कुठल्यातरी पोत्यावर अडकून उभा आहे.

पुढच्या शनिवारी याल?
उदगीरहून?
मग काय झालं, गाडी असतेच की.

असते, मी म्हणालो. पनवेलला बसते.