पान एकशे बारा

सभा संपली अकराला.
तीन तास एकाच पानावर.
एक बाजू म्हणे फाडा, दुसरी म्हणे फळ्यावर उतरवा.
मिसेस हॅथर्ली बोलता बोलता रडली, मागून शिट्ट्या.

मी खुर्च्या रचतोय.
ओक्लाहोमाचं वारं दाराच्या फटीतून आत येतं,
कुठल्याच पक्षाचं नसल्यासारखं.

गणिताला दोन वर्षं मास्तर नाही;
ते विषयपत्रिकेवर नव्हतं.
सोमवारी तर शाळाच नसते आता, डिझेल वाचतं.

कोठीत ती पुस्तकं, चाळीस पोरांत एकोणीस.
म्हटलं बघू तरी, काय आहे एवढं.
एकशे अकरा.
मग एकशे तेरा.
डिंक सुकून पान केव्हाच गळलेलं,
आणि समासात कुणाची तरी पेन्सिल:
सापडलं तर द्या,
शुक्रवारी परीक्षा आहे.